द्वारपालाशीं भांडूं नये

वर्धा नदीच्या कांठचें आमचें कौंडण्यपूर आज लहानसें गांव आहे. पण विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचें माहेर म्हणून त्याची ख्याति फार जुनी आहे. येथून दर आषाढीस रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास जाते, आणि रुक्मिणीच्या निरोपाची कथा गांवांतील लहान मुलासही ठाऊक असते. भावानें शिशुपालाशीं लग्न ठरविलें तेव्हां तिनें एका विश्वासू ब्राह्मणाबरोबर द्वारकेस निरोप धाडला आणि श्रीकृष्णानें येऊन तिला नेलें, हें सारे जाणतात. पण त्या कथेंतील एक बारीक तपशील बहुधा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. भागवताच्या दशम स्कंधांत म्हटलें आहे कीं, तो ब्राह्मण द्वारकेस पोंचल्यावर द्वारपालांनीं त्याला आंत नेलें. माणूस अनोळखी, दूरदेशींहून आलेला, आणि कार्य तर अत्यंत तांतडीचें. तरी तो भिंत चढून गेला नाहीं, द्वारानेंच गेला. शाळेंत मुलांना ही कथा सांगतांना आम्ही त्या द्वारपालांपाशीं कधीं थांबलों नव्हतों. गेल्या वर्षीं आमच्याच घरांत एका द्वारपालानें आम्हांस अडविलें, तेव्हां त्यांचें स्मरण झालें. आज ज्या घरांत संगणक आहे त्या प्रत्येक घरावर असा प्रसंग केव्हां ना केव्हां येणारच. म्हणून तो येथें सविस्तर सांगतों. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि संस्कृत पाठशाळेंतलें. त्यामुळें जें आम्हांस समजूं शकलें तें आमच्या वाचक बंधुभगिनींस समजण्यास कांहींच अडचण पडूं नये.

आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सारे दादा म्हणतात, गेल्या मार्गशीर्षांत एक्याऐंशी वर्षांचे झाले. सहस्रचंद्रदर्शनाचा विधि करावयाचें श्रावणांतच ठरलें, आणि 'आपल्याला काय हवें?' असें मुलांनीं त्यांना विचारलें. दादांनीं एकच वस्तु मागितली. आमच्या वहिनी आठ वर्षांपूर्वीं निवर्तल्या. त्यांनीं हयातभर वऱ्हाडांतील बायकांचीं गाणीं जमविलीं होतीं. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे मुली भुलाबाईपुढें म्हणतात तीं गाणीं, जात्यावरच्या ओव्या, डोहाळे, पाळणे, असा तो संग्रह. २००४ सालीं अमरावतीच्या एका छापखान्यांत रोज जाऊन त्यांनीं तो संगणकावर जुळवून घेतला. पुढें घरांत आजारपण आलें, पैसा तिकडे गेला, आणि पुस्तक छापावयाचें राहिलें तें राहिलेंच. मूळ वह्या एका पावसाळ्यांत भिजून नासल्या. उरली ती छापखान्यानें दिलेली एक तबकडी. 'तेवढें पुस्तक त्या दिवशीं माझ्या हातांत द्या, बाकी कांहीं नको,' इतकेंच दादा बोलले.

नव्या संगणकास तबकडीची फट नसते. ती सोय बाहेरून जोडावी लागली. दैव एवढें बरें कीं, वीस वर्षांनंतरही तबकडी वाचतां आली. पण फाईल उघडली तों पडद्यावर देवनागरीचें नांव नाहीं; इंग्रजी अक्षरें, आंकडे आणि चित्रविचित्र चिन्हें यांची नुसती रास! दादांनीं एकवार पाहिलें आणि कांहीं न बोलतां ते आंत निघून गेले. पुण्यास नोकरी करणारी आमची सूनबाई तेव्हां सुटीवर आली होती. ती म्हणाली, 'मामंजी, मजकूर गेलेला नाहीं. त्याचा पोशाख तेवढा हरवला आहे.'

हें तिचें म्हणणें आम्हांस हळूहळू उमगलें. देवनागरीची अक्षरजुळणी हें काम पहिल्यापासूनच किचकट. विल्यम कॅरीचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें सेरामपुरास देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. जावजी दादाजींनीं १८६९ मध्यें मुंबईस निर्णयसागर छापखाना काढून ह्या कलेस मोठी शोभा आणली. तरी मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरें यांसाठीं जुळाऱ्याला शेंकडों घरांतून खिळे वेंचावे लागत. संगणक आला तेव्हां त्याच्याजवळ अक्षरांसाठीं जेमतेम दोनशें-अडीचशें घरें होतीं, आणि तीं इंग्रजीस वांटून दिलेलीं होतीं. मराठीचें सॉफ्टवेअर करणाऱ्यांनीं युक्ति केली. इंग्रजी अक्षरांच्या घरांतच देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविले. कोठें अर्धा 'क', कोठें काना, कोठें रफार. कोणत्या घरांत कोणता तुकडा, हें मात्र ज्यानें त्यानें आपल्या मतानें ठरविलें. त्यामुळें तोच टंक आणि तेंच सॉफ्टवेअर जवळ असेल तर मजकूर मराठी दिसतो. नसेल तर आमच्या घरीं दिसला तसा दिसतो.

तेव्हां तेंच जुनें सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चढविणें, हा पहिला विचार सर्वांच्या मनांत आला. छापखान्याच्या मालकांनीं, धंदा बंद झाला असतांही, त्याची मूळ तबकडी आणि त्यासोबतचें कुलूप आनंदानें दिलें. कुलूप म्हणजे यंत्रास मागून जोडावयाची बोटाएवढी डबी. ती जोडल्यावांचून तें सॉफ्टवेअर चालतच नाहीं. नक्कल करून वापरणारांस आळा बसावा म्हणून पूर्वीं अशी योजना असे. ज्या संस्थेनें तें केलें तिचें नांव येथें घेण्याचें प्रयोजन नाहीं. आपल्या काळीं तिनें मराठीची सेवाच केली. पण नव्या यंत्रानें त्यास साफ नकार दिला. तबकडीवरील मांडणीची आज्ञावली सोळा-बिट काळांतील होती. आजच्या चौसष्ट-बिट यंत्रांत तिला जागाच नाहीं. पुतण्यानें खटपट करून ती अडचण ओलांडली, तों कुलुपापाशीं घोडें अडलें. कुलुपाशीं बोलणाऱ्या चालक-आज्ञावलीवर ओळखीची मुद्रा नाहीं, सबब ती थांबविली आहे, असा फलक पडद्यावर उभा राहिला.

आमचा पुतण्या म्हणजे वहिनींचा धाकटा मुलगा. आईचीं गाणीं डोळ्यांपुढें असून वाचतां येत नाहींत, ह्याची त्याला झालेली तळमळ आम्हांस कळत होती. त्यानें दोन रात्री जागून इंटरनेटवरून त्याच सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली एक प्रत शोधून काढली. सोबत सूचना होती कीं, ही चढविण्यापूर्वीं यंत्राचें सर्व संरक्षण बंद करावें. तो म्हणाला, 'काका, पांच मिनिटांचें काम. बंद करतों, गाणीं काढून घेतों, आणि पुन्हां चालू करतों.' आम्ही होकार देण्याच्या बेतांत होतों. सूनबाई म्हणाली, 'भाऊजी, जो पाहुणा म्हणतो कीं आधीं दिवे मालवा, मग मी आंत येतों, त्याला तुम्ही घरांत घ्याल का? ह्याच यंत्रांत घरच्या बँकेचीं खातीं आहेत, मुलांचीं प्रमाणपत्रें आहेत, मामंजींची पेन्शन आहे.' पुतण्या रागावून उठून गेला, आणि तो दिवस तसाच गेला.

रात्रीं आम्हीं सूनबाईस विचारलें, 'हा द्वारपाल आंत सोडण्यापूर्वीं पाहतो तरी काय?' तिनें सांगितलें तें आम्हांस फार उद्बोधक वाटलें. ॲपल कंपनीच्या यंत्रांत २०१२ पासून जी व्यवस्था आहे तिचें नांवच 'गेटकीपर', म्हणजे द्वारपाल. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ८ मध्यें 'स्मार्टस्क्रीन' नांवाचा पहारेकरी खुद्द कार्यप्रणालींतच बसविण्यात आला. दोघांची रीत थोड्याफार फरकानें सारखीच आहे. नवी आज्ञावली आली कीं ते तीन प्रश्न विचारतात: तूं कोठून आलास? तुझ्यावर कोणाची मुद्रा आहे? तुला पूर्वीं कोणी पाहिलें आहे काय? इंटरनेटवरून उतरविलेल्या फाईलीस ती बाहेरून आल्याची खूण चिकटविली जाते. त्या खुणेमुळें पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. तिसरें उत्तर लोकांच्या अनुभवावरून ठरतें. जी फाईल फारशी कोणी वापरलेली नाहीं तिच्याकडे पहारेकरी संशयानें पाहतो, मग ती कितीही सालस असो. राहिला दुसरा प्रश्न, मुद्रेचा. आणि सगळी मौज त्यांतच आहे.

मुद्रा समजण्यासाठीं आपल्या वेदपाठकांची आठवण करावी. संहितेंत एका मात्रेचाही फेर पडूं नये म्हणून त्यांनीं पद, क्रम, जटा, घन असे निरनिराळे पाठ रचले आणि अनुक्रमण्यांत गणती नोंदवून ठेवली. कोठें एक अक्षर ढळलें कीं पाठांचा मेळ बसत नाहीं आणि चूक तत्काळ उघडी पडते. संगणकांतही कोणत्याही फाईलीची गणितानें एक अंकमुद्रा काढतां येते. प्रचारांतील एका पद्धतीची अंकमुद्रा १२८ चिन्हांची असते. फाईल एका ओळीची असो वा हजार पानांची, अंकमुद्रा तेवढीच. पण आंत एक अनुस्वार जरी बदलला तरी ती सारी पालटते. आज्ञावली करणारा ही अंकमुद्रा आपल्या गुप्त किल्लीनें बंद करून सोबत देतो. त्या गुप्त किल्लीची जोडीदार अशी दुसरी किल्ली सर्वांस उघड असते. तिनें ती उघडून, आपण स्वतः काढलेल्या अंकमुद्रेशीं जुळवून पाहिली, कीं दोन गोष्टी कळतात: वस्तु त्याच किल्लीवाल्याची आहे, आणि वाटेंत तिला कोणी हात लावलेला नाहीं. ती किल्ली खरोखर त्याचीच, अशी ग्वाही देणाऱ्या संस्थाही आहेत.

परंतु मुद्रा म्हणजे शील नव्हे. विशाखदत्ताचें मुद्राराक्षस ज्यांनीं वाचलें असेल त्यांना हें सांगावयास नको. राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हातीं लागली. त्यानें शकटदासाकडून पत्र लिहवून घेऊन त्यावर तीच मुद्रा उठविली, आणि मलयकेतूनें आपल्या खऱ्या हितकर्त्यास शत्रु मानलें. मुद्रा खरी होती, हात दुसऱ्याचा होता. आपल्या काळींही हेंच घडलें. २०१० मध्यें उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' नांवाच्या घातक आज्ञावलीवर तैवानांतील दोन प्रामाणिक कंपन्यांच्या मुद्रा होत्या. त्या चोरलेल्या किल्ल्यांनीं उठविलेल्या होत्या. त्यामुळें द्वारपालानें सोडलें म्हणजे पाहुणा सज्जनच, असें समजूं नये.

ह्याच्या उलट, मुद्रा नाहीं म्हणजे चोर, असेंही नाहीं. मुद्रा मिळविण्यास खर्च आणि खटाटोप लागतो. ॲपलच्या विकासकांस त्यासाठीं वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, आणि २०१९ पासून बाहेर वांटावयाची नवी आज्ञावली त्या कंपनीकडे धाडून तपासणीची पावतीही घ्यावी लागते. लोकोपयोगासाठीं फुकट काम करणारा एखादा विद्वान हें न करूं शकला तर नवल नाहीं. यास्तव द्वारपाल अडवितो त्याचा अर्थ 'हा दुष्ट आहे' असा नसून 'मी ह्याला ओळखत नाहीं, तुम्ही ओळखतां काय?' असा असतो. तो प्रश्न आपल्याला केलेला असतो. आपण मात्र तो न ऐकतां कधीं घाबरून माघार घेतों, तर कधीं संतापून द्वारपालालाच घालवून देतों.

हें कळल्यावर आम्हीं दुसऱ्या दिवशीं पुतण्यास बोलावून, तिघांनीं मिळून, द्वारपालाचे प्रश्न स्वतःच विचारून पाहिले. कुलूप तोडलेली प्रत कोठून आली? ठाऊक नाहीं. मुद्रा कोणाची? कोणाचीच नाहीं, मूळ कर्त्याची होती तीही तोडतांना मोडली असणार. विषय संपला. आतां राहिला मूळ तबकडीवरील कुलुपाचा चालक. त्याचा उगम ठाऊक होता, कर्ताही प्रतिष्ठित. तरी सूनबाईचें मत नकाराचेंच पडलें. ती म्हणाली कीं, साधी आज्ञावली ही ओसरीवर बसणाऱ्या पाहुण्यासारखी असते. पण यंत्राच्या भागाशीं बोलणारा चालक घराच्या तिजोरीची किल्ली मागतो. तो कार्यप्रणालीच्या अगदीं गाभ्यांत शिरून काम करतो. म्हणूनच विंडोजमध्यें २०१६ पासून अशा नव्या चालकांस खुद्द मायक्रोसॉफ्टच्या मुद्रेचा नियम झाला. वीस वर्षांपूर्वींचा, कोणी डागडुजी न केलेला चालक सज्जन असला तरी त्याची भिंत खचलेली असूं शकते, आणि त्या भगदाडांतून दुसराच आंत येतो. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रव उठला आणि दीडशेंहून अधिक देशांतील यंत्रांवर पसरला. लोकांच्या फायली कुलुपबंद करून तो खंडणी मागे. ज्या भगदाडांतून तो शिरला तें बुजविण्याचा उपाय मार्चमध्येंच निघाला होता. ज्यांनीं केला नव्हता ते सांपडले.

'मग आईचीं गाणीं?' पुतण्यानें विचारलें. उत्तर सोपें निघालें. जुना पाहुणा नव्या घरांत येऊं शकत नसेल, तर आपण त्याच्या घरीं जावें. छापखान्याच्या मालकांकडे तो जुना संगणक माडीवर झांकून ठेवलेला होता. त्याला इंटरनेटची तार नव्हती आणि ती जोडावयाचीही नव्हती. एका रविवारीं आम्ही सारे अमरावतीस गेलों. कुलूप जोडलें, यंत्र कण्हत कण्हत सुरू झालें, आणि पडद्यावर वहिनींचीं गाणीं मराठींत उभीं राहिलीं. पुतण्या बराच वेळ खिडकीपाशीं उभा होता.

तेथें आम्हीं दोन कामें केलीं. पहिलें, प्रत्येक पान जसें दिसतें तसें कागदावर छापून घेतलें. दुसरें, मूळ फायली एका कोऱ्या स्मृतिकांडींत घेतल्या आणि घरीं ती आधीं तपासून मगच लावली. मग त्या फायलींचें 'युनिकोड' ह्या सर्वमान्य संकेतांत रूपांतर केलें. युनिकोडमध्यें जगांतील लिप्यांच्या अक्षरांस स्वतंत्र क्रमांक नेमून दिले आहेत. देवनागरीच्या मुख्य गटास १२८ घरें आहेत. त्यामुळें मजकूर कोणत्याही एका कंपनीच्या टंकावर अवलंबून राहत नाहीं. संस्कृतज्ञांस त्यांतील एक गोष्ट विशेष रुचेल: त्यांत अक्षरें उच्चाराच्या क्रमानें ठेवलीं जातात. जुन्या टंकांत 'धर्म' शब्दाचा रफार, डोळ्यांस दिसतो तसा, 'म'च्या नंतर येई आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं. युनिकोडांत 'र्' आधीं आणि 'म' मागून, वेलांटीही अक्षराच्या नंतर. म्हणजे जीभ जशी बोलते तसें.

रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस ही सारी उलथापालथ करावी लागते आणि ती कोठें कोठें चुकते. आमच्या बाबतींत नेमका 'वऱ्हाड' हाच शब्द चुकला! त्यांतील आडवा अर्धा 'र' नाहींसा होऊन डोक्यावर रफार बसला, आणि प्रत्येक पानावर आमचें वऱ्हाड परकें दिसूं लागलें. अमरावतीहून आणलेले कागद येथें कामीं आले. आमची आत्याबाई चौऱ्याऐंशी वर्षांची. दृष्टि अधू, पण पाठ शाबूत. घरांतील एक मुलगी नवा मजकूर मोठ्यानें वाची, दुसरी कागदावर बोट ठेवी, आणि आत्याबाई डोळे मिटून ऐके. कोठें खटकलें कीं ती हात वर करी. महिनाभर रोज संध्याकाळीं हें मुद्रितशोधन चाललें. तबकडीवरील एक फाईल मधेंच खराब झालेली होती. तिच्यांतील दोन गाण्यांच्या तीन ओळी कोणालाच लागल्या नाहींत. तेथें आम्हीं टिंबें दिलीं. पदरचे शब्द घातले नाहींत.

आतां पुस्तकाची जुळणी. पुतण्यानें त्यासाठीं 'टेक्' ही आज्ञावली निवडली. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणिती डॉनल्ड क्नूथ यांनीं आपल्या एका ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचीं मुद्रितें १९७७ मध्यें पाहिलीं. तीं इतकीं बेढब वाटलीं कीं जुळणीची पद्धति त्यांनीं स्वतःच रचावयास घेतली आणि पुढें ती जगास फुकट दिली. १९९१ मध्यें फ्रान्स वेल्थाइस या डच गृहस्थांनीं तींत देवनागरीची सोय केली. २००४ मध्यें जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक्' मुळें युनिकोडांतील मजकूर सरळ जुळवितां येऊं लागला. ही आज्ञावली उतरवून घेऊन चढवूं लागलों, तों पुन्हां तोच फलक! ओळख पटत नाहीं, सबब थांबविली आहे.

ह्या खेपेस कोणी संतापलें नाहीं. पुतण्यानेंच तिन्ही प्रश्न विचारले. कोठून आणली? त्या संस्थेच्या मूळ ठिकाणाहून, दुसऱ्या कोणाच्या दारांतून नव्हे. मुद्रा? संस्थेनें अंकमुद्रा स्वतंत्र प्रसिद्ध केली होती आणि तीवर आपली सहीही केली होती. पुतण्यानें आपल्या फाईलीची अंकमुद्रा काढली, आणि १२८ चिन्हें एकानें वाचावयाचीं व दुसऱ्यानें पाहावयाचीं अशीं जुळवून घेतलीं. पूर्वीं कोणी पाहिली आहे? जगांतील विद्यापीठें चाळीस वर्षांहून अधिक काळ वापरीत आहेत. उत्तरें समाधानकारक मिळालीं. तेव्हां संरक्षण जसेंच्या तसें चालू ठेवून त्या एका फाईलीपुरतें दार उघडलें. पांच मिनिटांत काम झालें.

आणखी एक लहानशी अडचण आली तीही सांगतों. आज्ञावली चालूं लागली, पण तयार पुस्तक साठविण्याच्या वेळीं 'लिहितां येत नाहीं' म्हणून थांबली. वाड्यांत प्रवेश मिळाला तरी कोठीघराची परवानगी निराळी असते, तसाच हा प्रकार. घरचीं कागदपत्रें जेथें असतात त्या कप्प्यांत परक्या आज्ञावलीनें लुडबूड करूं नये म्हणून विंडोजमध्यें २०१७ पासून तसा पहारा बसवितां येतो. ॲपलच्या यंत्रांत २०१९ पासून अशा कप्प्यांसाठीं विचारणा होते. येथेंही पहारा उठवावयाचा नाहीं; पहाऱ्याच्या यादींत त्या एका आज्ञावलीचें नांव घालावयाचें, किंवा पुस्तकासाठीं निराळा कप्पा करून द्यावयाचा. आम्हीं निराळा कप्पा केला.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्या सोयीसाठीं रीत थोडक्यांत देतों. प्रथम फलक शेवटपर्यंत वाचावा. ओळख नाहीं असें म्हटलें आहे कीं उघड घातक असें, हें पाहावें. घातक म्हटलें असेल तर तेथेंच थांबावें. ओळखीचाच प्रश्न असेल तर फाईल मूळ कर्त्याच्या ठिकाणाहून पुन्हां आणावी. पुष्कळदां नव्या आवृत्तीवर मुद्रा असते आणि प्रश्नच मिटतो. न मिटल्यास अंकमुद्रा जुळवावी. मग विंडोजमध्यें त्या फलकावरील 'मोअर इन्फो' दाबून 'रन एनीवे' निवडावें. ॲपलच्या यंत्रांत 'सिस्टीम सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' ह्या भागांत जाऊन 'ओपन एनीवे' निवडावें. पूर्वीं कंट्रोल दाबून उघडण्याची जी पळवाट होती ती २०२४ पासून काढून टाकली आहे. आणि जो कोणी, मग तो घरचा मुलगा असो कीं दूरध्वनीवरील गोड आवाज असो, 'आधीं सगळें संरक्षण बंद करा' म्हणेल, त्याचें ऐकूं नये.

मार्गशीर्षांत सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं एकशें चार पानांचें पुस्तक दादांच्या हातीं दिलें. त्यांनीं चष्मा पुसला, पानें चाळलीं आणि टिंबांच्या ओळींपाशीं थांबून विचारलें, 'हें काय?' आम्हीं कारण सांगितलें. ते कांहीं वेळ त्या ओळींकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'बरें केलें. तिला खोटें खपलें नसतें.' पुढें दिवसभर पुस्तक त्यांच्या मांडीवर होतें.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या कपाटांत अशा तबकड्या असतील; कोणाचा कुलवृत्तांत, कोणाच्या आजीचीं गाणीं, कोणाच्या वडिलांचें प्रवचन. त्या जुन्या टंकांत अडकलेल्या आहेत, आणि ज्या यंत्रावर त्या वाचतां येतील तीं यंत्रें दर वर्षीं भंगारांत जात आहेत. येत्या दिवाळीच्या साफसफाईंत त्या बाहेर काढा. जुनें यंत्र कोणाकडे आहे तें विचारा, मजकूर युनिकोडांत उतरवून घ्या, कागदावर एक प्रत छापा आणि दोन निरनिराळ्या घरीं ठेवा. आणि वाटेंत द्वारपालानें अडविलें तर त्याच्याशीं भांडूं नका. त्याचा प्रश्न समजून घ्या, आणि घरांतील म्हाताऱ्या माणसांचा पाठ शाबूत आहे तोंवर हें काम उरका.